जाम झालेले नट-बोल्ट आणि जुनी शेती औजारं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात गोठ्यामागचा कल्टिव्हेटर, दोन पावसाळे उघड्यावर काढलेलं पेरणी यंत्र, भंगारातून आणलेला रोटाव्हेटर, सगळं एकदमच आठवतं. मग पाना लावला की कळतं, एकही बोल्ट हलत नाही. पुढचे प्रश्न गॅरेजच्या ओट्यावर नेहमी ऐकू येणारे आहेत. पाना हातात घेण्याआधी एक ठरवा : वाचवायचं काय आहे, बोल्ट, की बोल्ट ज्यात बसलाय तो भाग? नव्वद टक्के वेळा उत्तर ‘भाग’ असतं, आणि तरीही माणसं चार पैशांच्या बोल्टसाठी बिडाचा हाउसिंग फोडून बसतात.

सुरुवात कुठून करायची?

औजार जमिनीवर टेकवा. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर उचललेल्या औजाराखाली कोणीही, कधीही, ‘फक्त दोन मिनिटं’ म्हणूनसुद्धा जायचं नाही. उंच हवंच असेल तर खाली लाकडी ठोकळे द्या, विटा नकोत, त्या भाराखाली फुटतात. इंजिन बंद, चावी खिशात, पीटीओ (ट्रॅक्टरची ताकद औजाराला देणारा फिरता शाफ्ट) सोडवलेला. रोटाव्हेटरचा रोटर फिरू नये म्हणून पात्यांमध्ये लाकडाचा ओंडका अडकवा.

मग तारेचा ब्रश. नटाबाहेर आलेले आटे चकचकीत होईपर्यंत घासा. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून लोक टाळतात, आणि मग नट अर्धा फेरा सुटून गंजाने भरलेल्या आट्यांवर पुन्हा अडकतो. माती आणि जुन्या रंगाचा थर असेल तर तोही खरवडून काढा, नाहीतर तेल वरच राहतं.

दोन वर्षांपूर्वी मीच हाताने बसवलेला नट आज एवढा जाम कसा?

लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा खातो. आट्यांमधली फट केसाएवढी. त्यात हा फुगलेला गंज दाटून बसला की नट आतून पाचर मारल्यासारखा आवळला जातो.

खताने हे आणखी वेगाने होतं. पेरणी यंत्राच्या खतपेटीखालचे बोल्ट नांगराच्या बोल्टांच्या कितीतरी आधी जातात. पोटॅश हे पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. युरिया हवेतला ओलावा ओढून घेतो. पेटीच्या कोपऱ्यात मूठभर खत राहिलं तरी श्रावणभर तिथे ओलच असते. शेणखताच्या ट्रॉलीच्या फाळक्याचे बोल्ट असेच जातात. कोकणात तर खत नसलं तरी खाऱ्या हवेनेच काम होतं.

डिझेल, रॉकेल, डब्ल्यूडी-४०, नेमकं काय टाकायचं?

घरात आहे ते टाका, पण वेळ द्या. डिझेल पातळ असतं, फटीत शिरतं, बहुतेक कामांना पुरतं. रॉकेलही चालायचं, पण रेशनचं निळं रॉकेल आता दुर्मीळच झालंय. डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली अमेरिकेत मुळात पाणी हटवून गंज थांबवण्यासाठी बनलं. हलक्या गंजावर ते छान चालतं. वर्षानुवर्षं जाम झालेल्या बोल्टला मात्र ‘पेनिट्रेटिंग ऑइल’ किंवा ‘रस्ट रिमूव्हर’ म्हणून मिळणारा स्प्रे जास्त उपयोगी.

घरगुती मिश्रणात अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल निम्मं-निम्मं, हे वाकबगार लोक वापरतात. दोन्ही नीट मिसळत नाहीत, म्हणून दर वेळी बाटली हलवावी लागते. अ‍ॅसिटोन पटकन पेटतं, रंग आणि प्लास्टिक खातं. विडी ओढत हे काम करायचं नाही.

इंजिनचं काळं ऑइल या कामाला जाड पडतं. ते गंज रोखायला ठेवा.

किती वेळ भिजवायचं?

किमान एक रात्र. शक्य असेल तर तीन-चार दिवस, सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं. एकदाच अर्धा डबा ओतून काही होत नाही, सगळं मातीत जातं.

जमत असेल तर औजार असं फिरवा की आटे वर आणि तेल खाली उतरेल. बोल्ट सपाट जागेवर उभा असेल तर त्याभोवती भिजवलेल्या कणकेचं किंवा चिकणमातीचं बोटभर उंचीचं आळं करा आणि त्यात डिझेल भरून ठेवा. सकाळी आळ्यातली पातळी उतरलेली दिसली तर तेल आत शिरतंय. तसंच भरलेलं दिसलं तर गंज अजून घट्ट आहे. मग हातोडी घ्या.

हातोडीने काय होतं? बोल्ट वाकणार नाही का?

जोर लावायचा नाही, हादरे द्यायचे. बोल्टच्या डोक्यावर मध्यम हातोडीने सरळ दहा-वीस ठोके द्या, मग नटाच्या सहाही अंगांवर एकेक. मागच्या बाजूला घण टेकवून धरला तर हादरा आतपर्यंत जातो. प्रत्येक हादऱ्याने गंजाला बारीक चिरा पडतात आणि तेल त्या चिरांतून पुढे सरकतं. बाहेर आलेल्या आट्यांच्या टोकावर थेट मारू नका, टोक पसरलं की नट त्यावरून निघायचाच नाही. तिथे मारायचंच असेल तर जुना नट टोकाच्या पातळीत येईल असा चढवून त्यावर मारा. बिडाच्या भागावर मारायचंच नाही, बीड वाकत नाही, तडकतं.

सोडवायला कोणत्या बाजूने फिरवू?

आधी किंचित आवळा. लोकांना हे उलटं वाटतं, पण गंजाची पकड मोडणं महत्त्वाचं, ती कोणत्या बाजूने मोडली याने फरक पडत नाही. आवळताना थोडी जरी हालचाल झाली तर अर्धी लढाई जिंकली.

मग सोडवायला लागा आणि हाताला काय जाणवतंय तिकडे लक्ष द्या. ‘कट्’ असा कोरडा आवाज आला आणि नट जागचा हलला, तर गंज फुटला. आवाज न होता पाना मऊसर, रबर पिळल्यासारखा फिरत असेल, तर नट सुटत नाहीये, बोल्ट पिळला जातोय. तिथेच थांबा. आणखी पाव फेरा आणि बोल्ट तुटून हातात.

सुटायला लागला तरी एका दमात काढू नका. पाव फेरा सोडवा, थोडा मागे घ्या, तेल टाका, पुन्हा सोडवा. लालसर चिखल बाहेर येत राहील. तो आत अडकला तर आटेच खरवडतो.

पान्याला पाईप लावून सगळा जोर दिला तर?

जरा हिशेब करू. ८ मिमीचा, ८.८ ग्रेडचा (डोक्यावर लिहिलेला ताकदीचा आकडा) बोल्ट साधारण २५ न्यूटन-मीटरला (पिळण्याच्या जोराचं माप) बसवतात, म्हणजे फूटभर पान्याच्या टोकाला आठ-साडेआठ किलोंचा जोर. आता तीन फुटी पाईपच्या टोकाला तीस किलोंनी लोंबकळलात तर अडीचशे न्यूटन-मीटरच्या वर जाता. एवढ्या जोराला १२ मिमीचा बोल्टही तुटेल. २० मिमीच्या वरच्या बोल्टला पाईप ठीक आहे. बारीक बोल्टला पाईप लावणं म्हणजे तो तोडायचं ठरवूनच लावणं. तोडायचाच असेल तर मग खुशाल लावा.

आणि पाना ढकलू नका, स्वतःकडे ओढा. अचानक सुटला तर ढकलणाऱ्याची बोटं आधी नांगरावर आदळतात.

पाना सटकतो, डोकं गोल होत चाललंय. कोणता पाना घेऊ?

फिक्स पाना आणि स्क्रू पाना बाजूला ठेवा. सहा कोपऱ्यांची गोटी (सॉकेट) घ्या. बारा कोपऱ्यांची गोटी किंवा रिंग फक्त टोकाला पकडते, आणि गंजलेल्या डोक्याची टोकं आधीच झिजलेली असतात.

माप बरोबर आहे ना, हेही तपासा. १२ मिमीच्या बोल्टला सहसा १९ चा पाना लागतो, १६ मिमीच्या बोल्टला २४ चा, २० मिमीच्या बोल्टला ३० चा. पण जुन्या ट्रॅक्टरवर, जुन्या ऑइल इंजिनावर इंची बोल्ट असतात. पाऊण इंचाला १९ चा पाना जवळजवळ बरोबर बसतो, कारण पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी. अर्ध्या इंचाला मात्र १३ चा पाना ढिला, ९/१६ ला १४ चा चढतच नाही आणि १५ चा सटकतो. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, त्यामुळे त्याआधीच्या यंत्रांवर ब्रिटिश व्हिटवर्थ मापंही सापडतात. व्हिटवर्थचे आटे ५५ अंशांचे, मेट्रिकचे ६० अंशांचे. अशा भोकात मेट्रिक बोल्ट दोन फेरे जातो आणि मग जाम होतो. तो गंज नव्हे, जबरदस्ती.

डोकं अर्धवट गोल झालं असेल तर कानसीने दोन समोरासमोरच्या बाजू सपाट करून एक माप लहान पाना ठोकून बसवा. पूर्ण गोल झालं असेल तर त्यावर मोठा नट ठेवून आतून वेल्डिंग मारा.

उलट्या आट्याचा बोल्ट कसा ओळखायचा?

बोल्ट उभा धरल्यासारखा पाहा. समोर दिसणारे आटे उजवीकडे चढत असतील तर नेहमीचे, डावीकडे चढत असतील तर उलटे, म्हणजे नेहमी आवळतो त्या बाजूने सुटणारे. ट्रॅक्टरच्या टॉप लिंकला (औजाराला वरून जोडणारा दांडा) एका टोकाला सुलटे आणि दुसऱ्याला उलटे आटे असतात, म्हणून तर मधली नळी फिरवली की दोन्ही टोकं एकदम आत-बाहेर होतात. वर्षानुवर्षं न हललेली टॉप लिंक सोडवताना हे विसरलं की माणूस संध्याकाळपर्यंत आवळतच बसतो. बेंच ग्राइंडरच्या डाव्या चाकाचा नटही उलटा असतो. फिरत्या शाफ्टच्या टोकाला असलेल्या कोणत्याही नटाला जोर लावण्याआधी आटे बघून घ्या.

गरम करून काढायचा म्हणजे नेमकं काय गरम करायचं?

नट. बोल्ट नव्हे. गरम झालेला नट पसरतो, बोल्ट तेवढा गरम नसतो, मधली पकड सुटते. पोलाद एका मीटरला एका अंशाला साधारण १२ मायक्रॉन वाढतं. १६ मिमीच्या नटाचं तापमान ३०० अंशांनी वाढवलं तर त्याचं भोक जेमतेम ०.०६ मिमीने मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण गंज फोडायला पुरतं. म्हणून ज्योत झटपट आणि फक्त नटावर द्यायची. सावकाश गरम करत बसलात तर बोल्टही तेवढाच तापतो आणि फायदा गेला.

थोडं निवू द्या, मग मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं आणि वंगणाचं काम करतं. हे बघायला मजा येते, क्षणात सरसर आत जातं. तीन-चार वेळा गरम-थंड केलं की बहुतेक हट्टी नट हार मानतात.

ताकदीचा बोल्ट, म्हणजे डोक्यावर ८.८ किंवा १०.९ लिहिलेला, लाल होईपर्यंत तापवला तर त्याची ताकद गेली. तो पुन्हा वापरू नका. अ‍ॅल्युमिनियमचा भाग असेल तर आणखी जपा, ते लाल होऊन इशारा देत नाही, ६६० अंशांना सरळ वितळतं.

ज्योत कुठे लावायचीच नाही?

सगळ्यात आधी चाक. टायर रिमवर असताना रिमला किंवा चाकाच्या बोल्टला गॅस किंवा वेल्डिंग लावायचं नाही. हवा काढली तरी नाही. आतल्या उष्णतेने टायरमध्ये वायू तयार होतो आणि टायर बॉम्बसारखा फुटतो. यात माणसं मेली आहेत. टायर रिमवरून उतरवा, मगच ज्योत.

दोन्ही टोकांनी बंद असलेली नळी किंवा फ्रेम, डिझेलची टाकी, हायड्रॉलिकचे होज, सील आणि बेअरिंग यांच्या जवळ नाही. गॅल्व्हनाइज्ड भागावर नाही, जस्ताच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो. नुकताच स्प्रे मारलेल्या बोल्टवर नाही. आधी पुसा, वाळू द्या. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी तर अजिबात नाही, काही क्लीनर तापले की विषारी वायू सोडतात. आणि कडबा, पाचट, भुस्सा निदान दहा-अकरा मीटर लांब, पाण्याची बादली जवळ. हार्वेस्टरच्या आत साठलेला भुस्सा ठिणगीनंतर तासाभरानेही पेट घेतो, म्हणून काम झाल्यावर लगेच घरी जाऊ नका.

नांगराच्या फाळाचा बोल्ट नटाबरोबर फिरतो, काय करू?

या बोल्टचं डोकं फाळात बुडलेलं असतं आणि मानेखाली चौकोन असतो. चौकोन झिजला की बोल्ट मोकळा फिरतो. डोक्याच्या कडेला छिन्नी ठोकून पाचर मारा आणि तोवर दुसऱ्याला नट फिरवायला सांगा. नाहीच जमलं तर डोक्यावर पट्टीचा तुकडा वेल्ड करून तो फ्रेमला अडकवा. फाळ बदलायचाच असेल तर एवढा खटाटोपही नको, नट ग्राइंडरने कापा.

मग सगळेच बोल्ट कापून टाकले तर काम लवकर नाही का होणार?

बहुतेक ठिकाणी होईल, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. जिथे बोल्ट आरपार आहे, दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि नवा बोल्ट तालुक्याला मिळतो, तिथे अर्धा दिवस घालवण्यात शहाणपण नाही. नटाची एक बाजू आट्यांपर्यंत कापा, छिन्नीने उघडा, नट दोन तुकडे होऊन पडतो. चष्मा लावा.

दोन ठिकाणी कापायचं नाही. पहिलं, स्प्रिंगवाल्या कल्टिव्हेटरच्या स्प्रिंगला धरून ठेवणारा बोल्ट. तो कापला की ताणलेली स्प्रिंग तोंडावर येते. आधी ताण उतरवा. दुसरं, गिअरबॉक्स किंवा हाउसिंगच्या आंधळ्या, म्हणजे आरपार न गेलेल्या, भोकात बसलेला बोल्ट. तिथे डोकं गेलं की खरी डोकेदुखी सुरू होते, ती पुढच्या प्रश्नात.

बोल्ट तुटला आणि तुकडा आतच राहिला. आता?

थोडा बाहेर असेल तर व्हाइस ग्रिपने (लॉक होणारी पक्कड) पकडून बघा. पृष्ठभागाच्या पातळीत असेल तर त्यावर एक माप मोठा नट ठेवून भोकातून वेल्डिंगचा थर भरा. याने दोन कामं होतात : पकडायला डोकं मिळतं, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने तुकडा मोकळा होतो. लाली उतरली की मागे-पुढे हलवत काढा. नट निघून आला तर पुन्हा लावा. तीन-चार वेळा लावावा लागतो, त्यात लाज नाही. अर्थिंगचा चिमटा बोल्टच्या अगदी शेजारी लावा. रोटरवर वेल्डिंग आणि अर्थिंग फ्रेमला, असं केलं तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होतं. औजार ट्रॅक्टरला जोडलेलं असेल तर आधी सोडवा.

वेल्डिंग शक्य नसेल तर बरोबर मध्यभागी पंच मारून ३-४ मिमीच्या ड्रिलपासून भोक वाढवत न्या. मध्य चुकला की ड्रिल मऊ बिडाकडे पळतं, म्हणून या एका पंचाला पाच मिनिटं द्या. ईझी-आउट (त्या भोकात रुतवून तुकडा उलटा फिरवून काढायचं हत्यार) वापरताना हात हलका ठेवा. तो अतिशय कडक पोलादाचा असतो, आत तुटला तर साध्या ड्रिलने कापता येत नाही. सरळ आटे नव्याने पाडायचे असतील तर १० मिमीच्या नेहमीच्या आट्यांना ८.५ चं ड्रिल, १२ ला १०.२, १६ ला १४. आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल (तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे) बसवून मिळतं. इथे चांगल्या लेथवाल्याकडे जाणं स्वस्त पडतं.

इम्पॅक्ट रेंच घ्यावा का?

वर्षाला चार बोल्ट काढायचे असतील तर नको, गॅरेजवाल्याकडून दोन तासांसाठी आणा. रोटाव्हेटरची पाती स्वतः बदलत असाल तर घ्याच. तो एकसारखा पिळत नाही, छोटे छोटे झटके देतो, त्यामुळे पाईपपेक्षा बोल्ट कमी तुटतात. त्याच्यासाठीच्या काळ्या जाड गोट्याच वापरा, साध्या चकचकीत गोट्या फुटतात.

कोल्ड्रिंक, लिंबू, चिंच यांनी गंज सुटतो का?

पितळेची भांडी घासा त्याने. सुटे भाग दोन दिवस व्हिनेगर किंवा लिंबू-सत्वाच्या पाण्यात बुडवले तर वरचा गंज निघतो, पण जाम नटात ते पोचत नाही. नंतर धुऊन, वाळवून तेल लावलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल.

बॅटरी चार्जरने गंज काढतात म्हणे?

काढतात, सुट्या भागांचा. प्लास्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा साधा चार्जर. गंजलेला भाग ऋण तारेला, भंगार लोखंडाचा तुकडा धन तारेला. उलटं जोडलं तर भागच खाल्ला जाईल. स्टेनलेस स्टीलचा तुकडा लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. सोड्याऐवजी मीठ नको, क्लोरीन सुटतं. हायड्रोजन तयार होतो, म्हणून अंगणात, उघड्यावर. १०.९ चे बोल्ट आणि स्प्रिंगा यात घालू नका, त्या ठिसूळ होऊ शकतात.

काढलेला बोल्ट परत वापरू का?

नको. आणि नवा घेताना डोक्यावरचा आकडा जुळवा. अपवाद शिअर बोल्टचा : पीटीओ शाफ्टवरचा हा बोल्ट मुद्दाम कमकुवत असतो, दगड लागला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. ‘सारखा तुटतो’ म्हणून तिथे हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताकदीचा, बोल्ट टाकणारे पुढच्या दगडाला गिअरबॉक्स टाकतात. पुस्तिकेत सांगितलेल्या मापाचा आणि ग्रेडचाच घ्या, चार जास्तीचे टूलबॉक्समध्ये ठेवा.

पुढच्या वर्षी हीच वेळ येऊ नये म्हणून?

बसवताना आट्यांना ग्रीस लावा. गरम होणाऱ्या जागी तांब्याची अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी) पेस्ट. ग्रीस लावलेला बोल्ट कमी जोरात तेवढाच घट्ट बसतो, म्हणून नेहमीच्या ताकदीने आवळू नका. बाहेर उरलेल्या आट्यांवरही ग्रीसचा लेप द्या. चाकाच्या नटांना मात्र पुस्तिकेत सांगितलं असेल तरच.

पेरणी संपली त्याच दिवशी खतपेटी रिकामी करून धुवा, उन्हात वाळवा, मग काळं ऑइल. ‘उद्या करू’ म्हटलं की उद्या पाऊस असतो. खंडेनवमीला औजारं धुऊन पूजेला मांडतोच. त्याच दिवशी समायोजनाचे सगळे बोल्ट, टॉप लिंक, औजार किती खोल जायचं ते ठरवणाऱ्या चाकाचा स्क्रू, एकदा पूर्ण फिरवून तेल टाकून परत जागेवर आणा. वर्षातून एकदा हललेला आटा सहसा जाम होत नाही. हळद-कुंकू त्यानंतर लावा, तेलकट हाताचं बोट नको.